घडीच्या चाकूचा खटका

वाचकहो, पुढे वाचण्याआधी एक करून पाहा. घरात मिटवायचा चाकू असेल तर तो घेऊन या. मग तो पेन्सिलीला टोक करायचा असो, कलमे बांधायचा असो, नाही तर कुणा पाहुण्याने आणलेला डझनभर हत्यारांचा तांबडा चाकू असो. पाते पुरते उघडा. मूठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरा, म्हणजे बोटे पात्याच्या वाटेत येणार नाहीत. आता पात्याच्या पाठीवर, म्हणजे जिथे धार नसते तिथे, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने हलकेच दाब द्या. पाते थोडे अडून मग मिटू लागले, तर तुमच्या चाकूला खटका नाही, नुसती स्प्रिंग आहे. ते जागचे हललेच नाही, तर खटका आहे. आपल्याकडे पुष्कळांना आपल्या चाकूबद्दल एवढेही ठाऊक नसते. मलाही नव्हते, आणि ते मला महागात पडले.

१९९४ सालची गोष्ट. मी नववीत होतो. दिवाळी आठ दिवसांवर आली होती आणि आकाशकंदिलाच्या कामट्या तासून झाल्या होत्या. एका कामटीला भोक पाडायचे राहिले होते. टोच्या सापडेना. म्हणून जत्रेतून आणलेल्या चाकूचे टोक मी कामटीवर टेकवले आणि मूठ दाबली. जोर पुरेना, तेव्हा वरून अंगाचा भार टाकला. टोक जिथल्या तिथे राहिले आणि मूठ पुढे आली. पाते मिटले, ते माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीवर. रक्त थांबले, टाके पडले, जखमही भरली. पण आतली कंडरा, म्हणजे बोट वाकवणारी दोरी म्हणा ना, तुटली होती. तेव्हापासून ह्या बोटाचे वरचे पेर वाकत नाही. आज मी एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. खडू मधले बोट आणि अंगठा यांच्यामध्ये धरतो. दर वर्षी नव्या वर्गातले एखादे पोर ते पाहते आणि शेजारच्याला कोपराने ढोसते.

आमचे अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर होते. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “चाकूला शिव्या देऊ नकोस. तू त्याला टोच्याचं काम सांगितलंस.” ह्या वाक्याचा अर्थ मला पुरता कळायला पुढे वीस वर्षे गेली. मधल्या काळात मी चाकू जमवले असे नाही, प्राध्यापकाच्या पगारात ते बसतही नाही. पण जिथे जो मिळाला तो उघडून, मिटवून, शक्य तर खोलून पाहिला. यंत्रशास्त्राचा मी माणूस नव्हे. तेव्हा जे सांगतो ते बोट गमावता गमावता राहिलेल्या एका माणसाचे मत म्हणून घ्या.

आधी एक मुद्दा. भाजी, दोरी, काठी, काहीही कापताना जोर धारेवर येतो. धारेवर आलेला जोर पात्याला मिटवत नाही. उलट ते आणखी उघडावे अशा दिशेने त्याला रेटतो. आणि पाते पुरते उघडल्यावर त्याचे बूड मुठीतल्या एखाद्या अडणीला टेकलेले असते. म्हणजे सरळ कापण्याच्या कामात खटक्याला जवळजवळ कामच नसते! काम पडते ते टोक खुपसताना, किंवा लाकडात अडकलेले पाते हिसडून काढताना, किंवा पात्याची पाठ कशावर आपटली तर. अशा वेळी जोर उलट दिशेने येतो, पाते मिटायला निघते, आणि त्याच्या वाटेत नेमकी आपली बोटे असतात. अण्णांना हे असे मांडून सांगता आले नसते, पण त्यांना ते हाताने ठाऊक होते.

घडीचा चाकू काही आजचा नाही. ऑस्ट्रियात हालश्टाट म्हणून एक ठिकाण आहे, मिठाच्या खाणींचे. तिथे सापडलेला हाडाच्या मुठीचा मिटणारा चाकू सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा मानतात. रोमन लोकांकडेही असे चाकू होते. ह्या जुन्या चाकूंत पाते एका खिळ्यावर फिरते आणि घट्ट बसवल्यामुळे जागी राहते, एवढेच. ना स्प्रिंग, ना खटका. ह्या घराण्यातला मला सर्वांत आवडलेला चाकू जपानचा. ह्योगो प्रांतात मिकी नावाचे लोहारांचे गाव आहे. तिथे १८९० नंतरच्या दशकात ‘हिगोनोकामी’ नावाचा चाकू निघाला. पत्रा दुमडून केलेली मूठ, एक पाते, एक खिळा. पात्याच्या बुडाला मागे शेपटीसारखा छोटा दांडा ठेवलेला असतो. त्याच्यावर अंगठा दाबून धरायचा. अंगठा आहे तोवर पाते मिटत नाही. म्हणजे खटका चाकूत नसून माणसाच्या अंगठ्यात आहे! जपानी शाळांतली मुले पिढ्यानपिढ्या ह्या चाकूने पेन्सिली तासत. मग १९६० साली तिथल्या समाजवादी पक्षाचे पुढारी इनेजिरो असानुमा यांची भर सभेत एका सतरा वर्षांच्या पोराने हत्या केली. हत्यार आखूड तलवारीचे होते, घडीच्या चाकूचा त्यात काही संबंध नव्हता. तरी मुलांच्या हाती पातेच नको, अशी चळवळ उठली आणि हिगोनोकामीचा धंदा बसला. गुरुजनांनी ह्याचा विचार करावा असे मला वाटते. मुलांच्या हातून चाकू गेला तशी त्यांच्या अंगठ्याची ती सवयही गेली.

यानंतरचा प्रकार म्हणजे पाठीला स्प्रिंग असलेला. इंग्लंडातल्या शेफील्डच्या कारागिरांनी सतराव्या शतकापासून तो घडवत आणला आणि जगभर पोचवला. मुठीच्या पाठीत पोलादाची एक जाड पट्टी असते, ती पात्याच्या बुडावर सतत दाब देते. बूड एका बाजूने सपाट केलेले असते. त्या सपाटीवर पट्टी बसली की पाते थांबते, म्हणून उघडताना ‘टक्’ असा गोड आवाज येतो. पण हे अडणे आहे, बांधणे नव्हे. घराचे दार वाऱ्याने लागू नये म्हणून पाचर लावावी, तसे हे. सोसाट्याचा वारा आला तर पाचर निसटायचीच. माझा जत्रेतला चाकू ह्याच जातीचा होता.

आणि तरीही जगातला सर्वांत प्रसिद्ध चाकू ह्याच जातीत निपजला. कार्ल एल्झनर नावाच्या कारागिराने १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ईबाख इथे कारखाना काढला, आणि १८९१ पासून तो स्विस सैन्याला चाकू पुरवू लागला. आईचे नाव व्हिक्टोरिया, आणि न गंजणाऱ्या पोलादाचे फ्रेंच नाव ‘इनॉक्स’. दोन्ही मिळून पुढे ‘व्हिक्टोरिनॉक्स’ झाले. स्विस शिपायाने शंभरावर वर्षे खटक्याविना चाकू वापरला. २००८ साली त्या सैन्याने नवा चाकू निवडला, तेव्हा मात्र मोठ्या पात्याला खटका आला, आणि ते एका हाताने उघडण्याची सोयही आली.

आता खरे खटके.

मुठीच्या पाठीवरचा खटका तुम्ही पाहिला असेल. स्प्रिंगच्या पट्टीऐवजी इथे एक आडवा दांडा असतो आणि तो मधोमध खिळ्यावर डुलतो, बागेतल्या सीसॉसारखा. पुढच्या टोकाला दात आहे. पाते उघडले की तो दात पात्याच्या बुडातल्या खाचेत पडतो. मागच्या टोकावर अंगठा दाबला की पुढचा दात उचलतो आणि पाते मोकळे होते. अमेरिकेतल्या बक कंपनीने १९६४ च्या सुमारास ‘११०’ नंबरचा असा चाकू काढला, तो इतका खपला की तिकडे कुठल्याही कंपनीच्या अशा चाकूला लोक ‘बक’च म्हणू लागले. आपण डालडा म्हणतो, तसेच ते. भक्कम चाकू. पण दोन खोडी आहेत. खाचेत माती, कापसाचे तंतू नाही तर गुळाचा चिकटा बसला, तर दात पुरा खाली बसत नाही. वरून मात्र बसल्यासारखा दिसतो. शेतकऱ्याच्या खिशात माती नसेल तर कुणाच्या असणार? दुसरी खोड अशी की मूठ करकचून आवळली तर काही चाकूंत तळहातानेच मागचे टोक दाबले जाते. म्हणून चांगले कारागीर तिथे थोडा खोलगट भाग ठेवतात.

त्यानंतर आतल्या पट्टीचा खटका. मुठीच्या आतल्या बाजूस पत्र्याची पट्टी चिरून एका अंगाला वाकवलेली असते. पाते उघडले की ती पट्टी आपोआप सरकून त्याच्या बुडामागे उभी राहते. कल्पना शंभरावर वर्षांची आहे. अमेरिकेत विजेच्या तारा जोडणारे लोक असे चाकू वापरीत. १९८० च्या सुमारास मायकेल वॉकर नावाच्या कारागिराने ती सुधारली, आणि आज दुकानात दिसणाऱ्या निम्म्याशिम्म्या चाकूंत तीच असावी असे मला वाटते. तिचा एक गुण खरोखर मोठा आहे. झिजली तरी ती थोडी पुढे सरकून बसते, सैल पडत नाही. पण मिटवताना अंगठा नेमका पात्याच्या वाटेत घालावा लागतो. माझ्यासारख्याला ते पाहवत नाही. शिवाय ती उजवखोऱ्या माणसासाठी केलेली असते. डावखोऱ्याने काय करावे? ख्रिस रीव्ह यांनी १९९० च्या सुमारास हीच पट्टी मुठीच्या जाड पत्र्यातूनच काढली, म्हणजे हात जितका आवळावा तितका खटका घट्ट बसतो. त्यांच्या चाकूचे नाव ‘सेबेन्झा’. झुलू भाषेत त्याचा अर्थ काम. नाव मला फार आवडले. किंमत विचारू नका.

१९९८ मध्ये बेंचमेड कंपनीने आणखी एक युक्ती बाजारात आणली. मुठीतून आरपार एक पोलादी दांडी जाते. दोन बारीक तारेच्या स्प्रिंगा तिला पुढे ढकलतात, आणि ती पात्याच्या बुडावर चढून बसते. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दांडी मागे ओढली की पाते सुटते. डावा हात, उजवा हात सारखाच, आणि बोटे वाटेबाहेर. बुद्धीचे काम आहे, ह्यात शंका नाही. पण त्या तारा केसांहून फार जाड नसतात, कधी तरी त्या तुटतातच, आणि आपल्या तालुक्याच्या गावी त्या कोण बदलून देणार?

रामपुरीचा उल्लेख केला नाही तर तुम्ही माझ्यावर रुसाल. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा हा चाकू आपल्याला सिनेमाने दाखवला. १९६५ च्या ‘वक्त’मधला राजकुमारचा चाकूचा प्रसंग ज्यांनी पाहिला ते विसरलेले नाहीत. त्याला भक्कम खटका असतो. पण हा चाकू मुळात समोरच्याला धाक घालण्यासाठी नावाजला, कामासाठी नव्हे. २०२३ साली त्या शहरात एका चौकात वीस फूट लांबीचा चाकू उभा केला आहे. माझ्या खिशात मला तो नको.

मग मला काय हवे? सांगतो. फ्रान्सच्या डोंगराळ साव्वा भागात जोसेफ ओपिनेल नावाच्या लोहाराच्या मुलाने १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी एक साधा चाकू केला. बीच लाकडाची मूठ, एक पाते, तोंडाशी एक लोखंडी कडे, आणि खिळा. पुढे त्याने लहानमोठे बारा आकार केले, १ ते १२ नंबरचे. ह्यालाही आरंभी खटका नव्हता. तो १९५५ साली मार्सेल ओपिनेल याने बसवला, आणि कसा बसवला ते पाहा. तोंडाशी जे कडे होते त्याच्यावर दुसरे एक फिरते कडे चढवले, त्याला एका बाजूने फट. फट पात्यासमोर असली की पाते त्या फटीतून ये-जा करते. पाते उघडायचे आणि कडे थोडे फिरवायचे, की फट बाजूला जाते आणि कड्याची भिंत पात्याच्या बुडाआड येते. झाले. पाण्याच्या नळाची तोटी फिरवतो तेवढेच काम. २००० सालापासून पाते मिटलेले असतानाही कडे फिरवून बंद ठेवता येते, म्हणजे खिशात आपोआप उघडत नाही.

मला हा आवडतो त्याचे कारण असे की ह्याचे सगळे भाग पाच. पाचही डोळ्यांना दिसतात. खटका लागला आहे की नाही हे अंदाजाने ठरवावे लागत नाही, फट कुठे आहे ते पाहिले की कळते. माती बसली तर कडे फिरतच नाही, म्हणजे खटका फसवत नाही, आधीच तक्रार करतो. आणि बोट कुठेही पात्याच्या वाटेत जात नाही. हळू आहे, दोन हात लागतात, हे खरे. घाईने चाकू उघडायची वेळ माझ्यासारख्या माणसावर येते कुठे? मात्र कडे फिरवायला विसरलात तर हा चाकू जत्रेतल्या चाकूहून जास्त सुरक्षित नाही, हे ध्यानात ठेवा. मी स्वतः दोनदा विसरलो आहे.

माझी पुतणी कृषी पदविका घेऊन रत्नागिरीकडे एका रोपवाटिकेत कामाला लागली, तेव्हा मी तिला हाच चाकू दिला, आठ नंबरचा. मोठ्या हौसेने दिला. पावसाळ्यात तिच्याकडे गेलो, तर चाकू फडताळात! विचारले, तर म्हणाली, “काका, रागावू नका, पण तुमचं लाकूड इथल्या पावसात फुगतं. पातं बाहेरच येत नाही.” ही ह्या चाकूची जुनी खोड आहे. साव्वातले लोक अशा वेळी मुठीचे बूड टेबलावर ठोकतात, म्हणजे पाते थोडे बाहेर डोकावते आणि मग नखाने ओढता येते. मी तिला ते करून दाखवले. ती हसली आणि म्हणाली, “दिवसाला शेकडो कलमं बांधायची असतात, काका. दर कलमाला चाकू ठोकत बसू का?”

तिच्या हातात होता तो कलमे बांधायचा साधा चाकू. पाठीला स्प्रिंग, खटका नाही. ज्या जातीने माझे बोट खाल्ले तीच जात! मी काही बोललो नाही, बाजूला बसून पाहत राहिलो. कोय कलमाचे काम तुम्ही पाहिले असेल. कोयीतून उगवलेले दहा-पंधरा दिवसांचे कोवळे रोप वरून छाटायचे, त्याच्या मधोमध उभी चीर द्यायची, हापूसची काडी खालून पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने आवळायची. सगळा जोर धारेवर. टोक कुठेही खुपसायचे नाही, पाते कुठेही अडकायचे नाही. पात्याला एकाच बाजूने धार असते, त्यामुळे काडीचा काप सपाट येतो आणि दोन साली नीट जुळतात. सकाळी उघडलेला तो चाकू तिने जेवायच्या सुट्टीतच मिटवला. अशा कामात खटका करणार काय? मी म्हटले, “पण समज, कुणी त्याच चाकूने प्लास्टिकच्या कॅनला भोक पाडायला गेलं तर?” तिने खिडकीकडे हात केला. तिथे दोरीला एक टोच्या बांधून टांगलेला होता. कुणी सांगितले म्हणून नव्हे, तिला स्वतःला सुचले म्हणून.

तेव्हापासून माझे मत थोडे बदलले आहे, पूर्ण नाही. ज्याचे काम एकच आणि ठरलेले आहे, जसे कलमे बांधणे, डोळे भरणे, पेन्सिल तासणे, त्याला स्प्रिंगचा चाकू पुरे. तो हलका असतो, स्वस्त असतो, धुवून पुसायला सोपा असतो. पण एकच चाकू खिशात टाकून जो दिवसभर हिंडतो, खताचे पोते फोडतो, ठिबकची नळी कापतो, वाटेत कुणाच्या चपलेचा पट्टाही टोचतो, त्याला खटका हवाच. तिथे मी अजून कड्याचाच पक्ष घेतो. कोकणात राहत असाल तर मात्र मुठीच्या लाकडाला आधी जवसाचे तेल पाजा, आणि आतली फट कोरडी ठेवा. साध्या पोलादाचे पाते घेऊ नका, आपल्या पावसाळ्यात ते तांबेरते. न गंजणारे घ्या. कुठलाही खटका असो, महिन्यातून एकदा जुन्या दात घासायच्या ब्रशाने तो झाडावा, एक थेंब तेल सोडावे, आणि वर सांगितलेली पाठीवर दाबायची परीक्षा करावी.

कायद्याचेही दोन शब्द. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. त्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांना बंधन आहे, घरगुती आणि शेतीची अवजारे वगळून. खिशातला चाकू त्याहून फार लहान असतो, तरी काही ठिकाणी पोलिसांचे वेगळे हुकूम असतात, आणि विमानात तो हातातल्या पिशवीत चालत नाही. इंग्लंडात तर गंमतच आहे. तिथे तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा घडीचा चाकू बाळगायला कारण द्यावे लागत नाही. पण त्याला खटका असेल तर तो घडीचा चाकू धरत नाहीत, असे १९९२ मध्ये न्यायालयाने ठरवले. जो खटका आपले बोट वाचवतो, तोच दुसऱ्याच्या जिवाला भीती म्हणून मोजला गेला. मला हे पटत नाही, पण का ठरवले ते समजते.

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला चाकू लागलाच, तर गुरुजींनी मुलांच्या हाती मिटणारा चाकू देऊच नये, न मिटणारा आखूड पात्याचा द्यावा, आणि भोकासाठी टोच्या वेगळा ठेवावा. पुतणीने माझा आठ नंबरचा चाकू परत केलेला नाही. उन्हाळ्यात, रोपवाटिकेचे काम मंदावले की ती तो काढते आणि फणस सोडून सगळे कापते, असे तिचे पत्र आहे. फणसाचा चीक कड्यात गेला तर काय होते, हे तिने मला न विचारताच करून पाहिले होते.